कानांवरचे काप

स्वतःचा घास राखण्यासाठी मित्राने सोपवलेली ठेव उघड करावी काय, हा प्रश्न धर्मज्ञांनाही अवघडच. तिसऱ्या अवर्षणाने थकलेली विधवा नावोई पशुपालक तुर्काना लोकांच्या माळावर त्याच प्रश्नापुढे उभी होती. कारकून भरसभेत दुष्काळी मदतीच्या यादीतून तिचे नाव खोडत होता. “अकरा शेळ्या असूनही गरीब म्हणवून घेतेस, आजी?” त्यांतल्या नऊ शेळ्या सभेतच बसलेल्या म्हाताऱ्या एरेंगच्या; दुष्काळात कळप मित्रांकडे विभागून ठेवण्याची रीतच. शेळ्यांच्या कानांवर खुणेसाठी दिलेले काप कोणाच्या कुळाचे, हे कारकुनाखेरीज साऱ्या सभेला कळत होते. खरे बोलावे, तर यादीतून एरेंग जाणार. नावोईने आपले नाव खोडू दिले. एरेंगच कण्हत उठला. “साहेब, शेळ्या माझ्या. माझंच नाव खोडा.” “मेल्या, मग खाशील काय?” नावोई कळवळली. “तुझ्याच चुलीपाशी येईन. हाकलशील, म्हातारे?” “ये. लाकडं मात्र आण.” त्या दोन्ही थकल्या जिवांवर आभाळाची कृपा असो.