ग्रिसमसाहेब ऊब देतात

तळघरात बॉयलरशेजारी खुर्ची टाकून लोवेल ग्रिसम बसला होता आणि आयरिस त्याच्या गालांना रंग लावत होती. त्याच्या पायाशी विजेचा हीटर होता, फक्त त्याच्यासाठी आणलेला. बाकी सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या.

तीस वर्षं ग्रिसमनं न्यूयॉर्कमध्ये इमारती घेतल्या, भाडेकरूंना हुसकावून रिकाम्या केल्या आणि विकल्या. मग करून करून भागला आणि देवपूजेला लागला. आता दर गुरुवारी तो टीव्हीवर कुणा ना कुणा गरिबाचे डोळे पुसायचा, आणि लोकांना तो भारी आवडायचा. ब्राँक्समधली ही सहा मजली इमारतही त्याचीच. तिसऱ्या मजल्यावरची आयरिस मालडोनाडो त्याच्याच कार्यक्रमात मेकअप करायची.

"इमारतीत पैसा आहे, पोरी," तो म्हणाला. "पण इमारत घेतली म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. हनुवटीखाली जरा लाव."

ही पोर बावन्न वर्षांची होती. तिनं हनुवटीखाली लावलं.

मागच्या आठवड्यात हाच चेहरा रंगवताना तिनं विषय काढला होता. खुर्चीतला माणूस हलू शकत नाही, म्हणून ऐकून तरी घेतो, हा तिचा इतक्या वर्षांचा अनुभव. इमारत गरम ठेवणारा बॉयलर बंद पडलाय, माणसं ओव्हनची दारं उघडी टाकून त्यांच्यासमोर बसतायत, असं तिनं सांगितलं. ग्रिसमनं ऐकलं. शुक्रवारी मी स्वतः येऊन कॅमेऱ्यासमोर चालू करतो म्हणाला, फक्त पालिकेत तक्रार नको, नाहीतर वकील शूटिंग करू देणार नाहीत. तक्रार तर आधीच गेली होती. पण इन्स्पेक्टरला कुणी घरात घेतलंच नाही की तो निघून जातो आणि तक्रार बंद होते, हे ब्राँक्समध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इन्स्पेक्टर बुधवारी यायचा होता; आयरिस त्या दिवशी सकाळीच सगळ्या मजल्यांवर फिरली. आज कुणी दार उघडू नका, शुक्रवारी ऊब नक्की, असं तिनं घरोघरी सांगितलं. लोकांनी तिचा शब्द मानला.

कॅमेरा सुरू झाला. ग्रिसमनं उंची कोटाच्या बाह्या सारल्या आणि लाल चाक फिरवलं. बॉयलर धडधडला. जिन्यात उभ्या केलेल्या भाडेकरूंनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या मनापासून होत्या. वर नळ्या ठणठण वाजू लागल्या.

"थांबा," दिग्दर्शक म्हणाला. "नळ्यांच्या आवाजात साहेबांचं वाक्य बुडालं. बंद करा, थंड होऊ द्या. जेवण झाल्यावर परत घेऊ."

इमारतीचा रखवालदार बेकिम चाक बंद करायला पुढे आला. आयरिस त्याच्याजवळ गेली.

"पहिल्या झटक्यात कसा काय सुरू झाला रे? दोन आठवडे तर मेला होता."

बेकिमनं मान वर केली नाही. "सोमवारीच दुरुस्त झालाय. शुक्रवारपर्यंत हात लावायचा नाही म्हणून वरून फोन होता."

आयरिसच्या बोटांना ग्रिसमच्या गालाचा रंग लागला होता. तो तिनं अंगातल्या एप्रनला पुसला, पुन्हा पुसला. त्या माणसाची तर किळस आलीच, पण स्वतःची त्याहून जास्त आली, कारण दारं बंद ठेवायला घरोघर तीच सांगत फिरली होती.

ग्रिसम हीटरवर पाय धरून सूप पीत होता.

"सोमवारपासून चालू करता आला असता," ती म्हणाली.

"आला असता की." त्यानं चमच्यावर फुंकर मारली. "मग आज मी काय चालू केलं असतं?"

"वर म्हातारी माणसं आहेत, साहेब."

"म्हणून तर आलोय मी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. लहान मुलीला समजवावं तसा तो बोलत होता.

जेवण आटोपल्यावर दिग्दर्शकाला नवं सुचलं. इमारतीतली सगळ्यात म्हातारी बाई आणा, चाकावर तिचा हात ठेवू आणि त्यावर साहेबांचा. चौथ्या मजल्यावरून प्रोव्हिदेन्सियाला खाली आणलं; सगळे तिला मानानं दोन्या म्हणत. ती चौऱ्याऐंशी वर्षांची, अंगात दोन कोट. जिन्याच्या दर पायरीवर ती थांबत होती. तिला ग्रिसमच्या खुर्चीत बसवलं. हीटर मात्र चित्रात येतो म्हणून उचलून नेला.

"आयरिस, तू आहेस होय, माझे बाई," दोन्या म्हणाली. बोलताना तिच्या छातीत घरघर होत होती. "तू सांगितलंस तसं दार नाही हं उघडलं मी. तो इन्स्पेक्टर बिचारा तीनदा दार ठोकून गेला. आजीबाई, आत आहात का, म्हणून विचारत होता. मी आपली गप्प बसून राहिले."

आयरिसनं तिचे हात हातात घेतले आणि चोळत राहिली. म्हातारीची बोटं वळत नव्हती.

"आयरिस, म्हातारी गारठलेली दिसली पाहिजे," कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघत दिग्दर्शक ओरडला. "ओठांना निळसर काहीतरी लाव."

आयरिस मेकअपची पेटी उचलून दोन्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिचा चेहरा जवळून बघू लागली.

ग्रिसमही येऊन दिग्दर्शकाच्या खांद्यावरून पडद्याकडे वाकला. "वा," तो म्हणाला. "बस्स, एवढंच ठेव. अगदी खरं वाटतंय. या बाईच्या हातात जादू आहे."

आयरिसनं पेटी अजून उघडली नव्हती.