मुद्दल हजर

समोर खुर्च्या दोन आणि माणसं तीन. होमलोनच्या तरुण साहेबाने तिसरी खुर्ची मागवली आणि या बाई कोण, असं विचारलं.

"प्रिन्सिपल," शाळेचा व्हॅनवाला म्हणाला. "तुम्हीच फोनवर म्हणालात ना, आधी प्रिन्सिपल बघू, मग इंटरेस्ट. म्हणून बरोबर घेऊनच आलो. इंटरेस्ट तर आम्हा नवराबायकोला भरपूर आहे."

बायकोने मान डोलावली. शाळेच्या मोठ्या बाई पर्स मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. बँकेला आपली गरज आहे, यात त्यांना काहीच वावगं वाटलं नव्हतं.

साहेब हसला नाही. त्यासाठी त्याला टेबलाखाली पडलेलं पेन बराच वेळ शोधावं लागलं. वर आल्यावर त्याने समजावलं, की प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल आणि इंटरेस्ट म्हणजे व्याज. हप्त्यातून सुरुवातीला इंटरेस्टच जातो, प्रिन्सिपल बरीच वर्षं जागचं हलत नाही.

"आमच्या शाळेतही तसंच आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

व्हॅनवाल्याचे कान लाल झाले. पण खरी पंचाईत पुढेच होती. बाकी कागद ठीक होते. जामीन राहणारा मेहुणा मात्र सकाळपासून फोन उचलत नव्हता. जामिनाशिवाय फाइल पुढे सरकणार नाही, साहेब म्हणाला. आणि आज फाइल सरकली नाही, तर घर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार होतं. बायको आपल्या भावाच्या वतीने फरशीकडे बघत बसली.

जामीन नात्यातलाच लागतो का, मोठ्या बाईंनी विचारलं. तसं काही नाही, साहेब म्हणाला, पण यांनी हप्ते बुडवले तर सगळं तुमच्या गळ्यात येईल.

"हा रोज माझी अर्धी शाळा त्या व्हॅनमध्ये कोंबतो आणि ज्याला त्याला घरी पोचवतो," बाई म्हणाल्या. "आजवर एकही पोर बुडवलेलं नाही. पेन द्या."

सही झाली. शिक्का मारता मारता साहेबाने विचारलं, आणखी काही शंका? तेव्हा बायकोने पहिल्यांदा तोंड उघडलं. भाड्याच्या खोलीत तिने आजवर कॅलेंडरसुद्धा चिकटपट्टीने लावलं होतं.

"तिथे भिंतीला खिळा ठोकायचा असला, तर कुणाला विचारायचं?"

"कुणालाच नाही."

"परत एकदा सांगा," ती म्हणाली.