गोळीचा मुहूर्त

पाद्री अकराला येणार होता. एक वाजत आला तरी त्याचा पत्ता नव्हता, आणि ओब्रेनच्या रक्तातलं औषध उतरू लागलं होतं.

कंपवाताच्या गोळीचा त्याने नेमका मुहूर्त साधला होता. ही सावकाश विरघळणारी गोळी. सरकारी टपालासारखी रमतगमत रक्तात पोचते, थोडा वेळ हात ताब्यात देते आणि न सांगता निघून जाते. अकराला ती ऐन भरात होती. ओब्रेन ताठ उभा होता. स्लावाला, म्हणजे घराण्याच्या संताच्या सणाला, यजमान बसत नाही. पाद्र्यासोबत पाव धरून तोच गोल फिरवतो. ते जमेनासं झालं की सण मुलाच्या घरी जातो. मुलगा नेनाद बेलग्रेडहून नवा कोट घालूनच आला होता.

"आज अर्ध्या शाबाच गावात हाच सण आहे, बाबा. फादरना उशीर होणारच."

"घरोघरी पेले रिकामे करत असेल. त्याचा देव थांबेल रे, माझी गोळी थांबत नाही."

दुसरी गोळी त्याने मघाशीच घेतली होती. टेबलावरच्या माशाला हात लावला नव्हता. मासा पोटात गोळीची वाट अडवतो. पाहुण्यांना ती अडचण नव्हती. ते खात होते आणि त्याच्या हातांकडे आभाळाकडे बघावं तसं बघत होते.

"चावून टाका की. पटकन भिनेल," नेनाद म्हणाला.

"चावली तर सगळी एकदम अंगात येईल. मग पावाबरोबर टेबलही फिरवीन. इंजिनिअर ना तू?"

"मग मी धरतो ना पाव."

"धर. मी मेल्यावर."

तेवढ्यात फादर तिहोमिर दारात उभे राहिले.

"या, या! आम्हाला वाटलं, आता पुढच्याच वर्षी!" ओब्रेन म्हणाला.

फादरनी लगेच प्रार्थना उरकली. दोघांनी पाव उचलला, आणि पाव थरथरू लागला. पाहुण्यांची तोंडं हलायची थांबली. नेनाद तत्परतेने पुढे सरसावला. ओब्रेनने शरमेने मान खाली घातली, तेव्हा त्याला स्वतःची बोटं दिसली. ती दगडासारखी स्थिर होती.

पाद्री त्याच्या कानाशी वाकला.

"तुमची गोळी लागू झाली, यजमान. माझी मागच्याच घरी उतरली. पाव तेवढा सोडू नका."