चीज चालतं

थोरलीच्या होणाऱ्या सासूबाईंनी ओव्हनमधून काढलेलं काचेचं भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं. मॅकरोनीवरचा चीजचा लालसर पापुद्रा अजून चरचरत होता.

"खास तुझ्यासाठी हं. चीज आवडतं म्हणाली होतीस ना?" असं म्हणत त्यांनी तिच्या ताटलीत डावभर वाढलंसुद्धा.

टेबलाखाली आईचा हात थोरलीच्या गुडघ्यावर आला. येताना वाटभर आई तेच घोकत होती, "गव्हाचं काही बोलू नकोस. इतक्या वर्षांनी चांगलं स्थळ जुळतंय. एकदा लग्न होऊ दे, मग बघू. एका जेवणाने काही आभाळ कोसळत नाही."

आभाळ कसं कोसळतं ते थोरलीला ठाऊक होतं. गव्हाचा कण पोटात गेला की ती अंथरूण धरायची. डॉक्टरांना दुखणं सापडेपर्यंत तिच्या अंगावर नुसती हाडं उरली होती.

"वरचं चीज तेवढं खा," आई कुजबुजली. "चीजमध्ये कुठे असतो गहू?"

चीजमध्ये नसतो, हे खरंच. पण मॅकरोनी गव्हाची, आणि तिला घट्ट धरून बसलेला तो सॉस मैदा परतून केलेला. थोरलीने काटा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

समोर होणाऱ्या नवऱ्याशेजारी बसलेल्या सासऱ्यांपुढे वेगळी वाटी होती. "ह्यांना मीठ वर्ज्य आहे," सासूबाई कौतुकाने सांगत होत्या. "ह्यांचं आधी बाजूला काढते मी. चुकूनसुद्धा चिमूटभर जाऊ देत नाही."

"मग माझंही बाजूला काढावं लागेल," थोरली म्हणाली. "मला गहू चालत नाही. कणभरही नाही. ह्या आजाराला औषध नाही, फक्त पथ्य आहे."

आईची बोटं गुडघ्यात रुतली. सासूबाईंच्या हातातला डाव हवेतच राहिला.

"किती दिवसांचं पथ्य?"

"जन्मभराचं."

"अगंबाई! आणि उद्या मुलंबाळं झाली तर त्यांनाही?"

"होऊ शकतं. किंवा नाहीही."

सासूबाईंनी मोर्चा आईकडे वळवला. "हे आधी सांगायला नको होतं का?"

"अहो, उगाच बाऊ करते ती," आई कसनुसं हसली. "थोडंसं चालतं तिला. खा गं, घे दोन घास."

"नाही चालत, आई."

थोरली उठली. "चीजचं न फोडलेलं पाकीट आहे का?"

"फ्रिजमध्ये," होणारा नवरा पुटपुटला. एवढ्या वेळात त्याने काढलेला तो पहिला शब्द.

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. वेष्टनावरचा बारीक मजकूर शेवटपर्यंत वाचला. सुरी आणि ताटली साबणाने खसखसून धुतली. नळाचा आवाज बाहेर सगळ्यांना ऐकू येत होता. चीजचे जाड तुकडे कापून ती परत आली आणि त्याच खुर्चीवर बसली.

"चीज मला चालतं," ती म्हणाली आणि सगळ्यांदेखत पहिला तुकडा तोंडात टाकला.

सासऱ्यांनी मान आपल्या वाटीत घातली. आई पदराशी चाळा करत राहिली.

दोन तुकडे खाऊन झाल्यावर थोरलीने ताटली होणाऱ्या नवऱ्यापुढे सरकवली.

"घेतोस?"

त्याचा हात पुढे आला, मध्येच थांबला. त्याने आधी आपल्या आईकडे पाहिलं.

थोरलीने ताटली परत ओढून घेतली. उरलेले सगळे तुकडे सावकाश, चावून चावून संपवले. मग तोंड पुसलं आणि खुर्ची मागे सारली.

"चल आई," ती म्हणाली, "माझं जेवण झालं."