जिभेखालची गोळी

शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडून आखडलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करणारं औषध तिनं अकरा वर्षं खपून शोधलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी ते स्वतःच्या नावावर खपवलं आणि तिला भांडारात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं.

आज भांडाराच्या जिन्यात सर छाती धरून कोसळले. आसपास चिटपाखरू नव्हतं. "खिशात गोळी आहे," ते कसंबसं म्हणाले.

क्षणभर ती नुसती बघत राहिली. मग तिनं स्वतःच शोधलेल्या औषधाची ती गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली, अॅम्ब्युलन्स बोलावली आणि कळ ओसरेपर्यंत शेजारी बसून राहिली.

"वाटलं होतं, तू मला मरू देशील," सरांचे डोळे भरून आले.



"असं कसं, सर? हे औषध कुणाचं, ते ठरवायला सोमवारी चौकशी समितीपुढे माझ्या प्रयोगांच्या वह्या उघडणार आहेत. तेव्हा तुम्ही समोर असायला हवं."