सुटा धोंडा

दुसऱ्या धबधब्यापाशी शिंपी थांबला, आणि खुणावाल्यालाही थांबावं लागलं.

तिथे कातळावर पिवळा बाण होता. शिंप्याने त्याच्यावर हात ठेवला. आयुष्यभर कापडाचा पोत पारखलेली बोटं बाणाच्या कडेवरून हळूहळू फिरली. पाण्याचा आवाज एवढा होता, की बोलायचं म्हणजे ओरडायलाच हवं.

"रंग नवा दिसतोय!"

"दर वर्षी देतो, काका. नव्याने."

तसं ते खोटं नव्हतं. दरीच्या तोंडापासून वरच्या कुरणांपर्यंत, तीन धबधब्यांच्या अंगाने जाणाऱ्या या वाटेवर एकशे बारा खुणा होत्या, आणि वीस वर्षं त्या तोच रंगवत आला होता. काम सासऱ्याने शिकवलं. शिकवताना नियम एकच सांगितला: खूण जमिनीत रुतलेल्या कातळावर द्यायची, सुट्या धोंड्यावर कधीच नाही. धोंडा केवढाही असो. तुला हलत नाही म्हणून तो पाण्यालाही हलणार नाही, असं समजू नकोस.

पण इथला कातळ कायम ओला. तुषार उडतच राहतात. पुसून, वर ताडपत्री बांधून अर्धा दिवस बसून राहावं, तेव्हा कुठे रंग धरतो. मागच्या वर्षी खुणावाल्याचा गुडघा ठणकत होता आणि शेजारीच म्हशीएवढा कोरडा धोंडा होता. त्याने त्यावर बाण काढला आणि घरी जाऊन गुडघा शेकत बसला. आठवड्याने पूर आला. धोंडा जागच्या जागी जरासा फिरला, आणि पायऱ्यांकडे दाखवणारा बाण धबधब्याच्या निसरड्या काठाकडे दाखवू लागला. त्यानंतर या वाटेने वर आलेला पहिला माणूस म्हणजे शिंप्याचा मुलगा.

त्याचा देह डोहातून बाहेर काढणाऱ्यांत खुणावाला होताच. सगळे खाली गेल्यावर तो एकटा मागे राहिला. तारेच्या ब्रशने त्याने धोंड्यावरचा बाण खरवडून काढला आणि तपासणीवाले यायच्या आत कातळावर नवा रंगवला. त्यांनी लिहून टाकलं, वाट सोडून गेला. चोराच्या मनात चांदणं, तसं खुणावाल्याचं झालं. कुणी अनोळखी माणूस खाली गाडीतून उतरला तरी तो आडोशाला व्हायचा. पण वर्षभर कुणी काही विचारलं नाही.

"भाऊ," शिंपी त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "माझा मुलगा माझ्याच दुकानात कापायला शिकला. खडूने आखलेल्या रेघेबाहेर त्याची कात्री कधी गेली नाही. मीच चिडायचो, अरे, जरा स्वतःचं डोकं चालव की! असला पोरगा बाण सोडून जाईल?"

शिंपी आणखी जवळ सरकला.

"लोक म्हणतात, अंगात मस्ती होती त्याच्या. त्याची आई वर्षभर दाराबाहेर पडलेली नाही. तुम्ही या वाटेचे जाणकार. मला एवढंच सांगा, खूण बघून चालणारा माणूस इथं चुकू शकतो का?"

हो म्हणायला कितीसा वेळ लागणार होता! शब्द अगदी ओठांवर आला होता. मग त्याला आपलं काम दिसलं, घर दिसलं, बायको दिसली, आणि भिंतीवरचा सासऱ्याचा फोटोसुद्धा दिसला.

"नाही, काका," तो म्हणाला. "खूण बघून चालणारा नाही चुकत."

शिंप्याने मान हलवली, बाणावरचा हात काढला आणि तो पायऱ्या चढू लागला. तिसरा धबधबा आला आणि गेला.

कुरणांवर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दरी संपते तिथे डोंगर एकदम सपाट होतो आणि नजर जाईल तिथवर गवतच गवत. बहुतेक लोक इथे पोचले की ओरडतात, धावत सुटतात, लोळतात. शिंपी कडेलाच उभा राहिला. गवतात त्याने पाऊलसुद्धा टाकलं नाही.

"हे बघायला निघाला होता," एवढंच म्हणाला.

हा आता रडेल, आणि रडला तर आपण सगळं सांगून टाकू, असं खुणावाल्याला वाटलं. तो रडायची वाट बघत होता म्हटलं तरी चालेल. शिंपी रडला नाही. त्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि दोन्ही हात जोडले.

"वर्षभर मी जगाशी भांडलो, भाऊ. म्हटलं, वाटेतच काहीतरी खोट असणार. तुमच्यावरसुद्धा संशय घेतला. आज डोळ्यांनी बघितलं. तुमच्या खुणा चोख आहेत. माझ्याच पोराचं चुकलं. त्याच्यापायी तुम्हाला त्या गार पाण्यात उतरावं लागलं. त्याच्या वतीने मी माफी मागतो."

"काका, तसं..." खुणावाला म्हणाला. एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती, आणि तरी पुढचा शब्द येईना.

"घरी जाऊन त्याच्या आईलाही सांगतो, लोक म्हणतात तेच खरं. ती वेगळं काही ऐकायची आशा लावून बसलीय."

परतायच्या वाटेवरचा पहिला उतार तीव्र होता. शिंपी बाजूला सरला आणि त्याने खुणावाल्याला जागा करून दिली.

"तुम्ही पुढं व्हा, भाऊ. मी तुमच्या पावलावर पाऊल टाकतो, म्हणजे माझं चुकायचं नाही."