गचका

“आज माझी सवत गप्प आहे,” बायको म्हणाली.

सर स्टुलावरच्या डब्याकडे बघून ओशाळं हसले. शाळेतून निवृत्त झाल्यावर हा डबा त्यांनी स्वतःच जुळवला होता. आतली चिप घरातलं व्होल्टेज सतत मोजायची. ते एकदम पडलं की डबा किंचाळायचा आणि बायकोचं ऑक्सिजनचं मशीन बॅटरीवर टाकायचा. मशीन जुनं होतं. एवढासा गचका बसला तरी बंद पडायचं आणि बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरू व्हायचं नाही.

पण काल लिफ्ट हलून व्होल्टेज पडलं रे पडलं की डबा किंचाळत होता, आणि दर वेळी ती दचकून धापा टाकत होती. म्हणून आज सकाळी सरांनी प्रोग्रॅम बदलला होता.

“केलंत तरी काय तिला?”

“सरासरी काढायला शिकवलं. एकट्यादुकट्या आकड्यावर विसंबायचं नाही.”

“म्हणजे तुमच्या वर्गासारखंच. गणितात गचकला तरी चित्रकलेच्या जोरावर पास!”

सर हसले. बाहेर लिफ्ट गुरगुरली. बल्ब क्षणभर मिचकला. सरांनी लगेच डब्याकडे पाहिलं. सरासरी दोनशे सव्वीस व्होल्ट. दिवा हिरवा. त्यांनी सुस्कारा सोडला.

खोलीत काहीतरी कमी झालं होतं. काय, ते त्यांना कळेना.

बायकोने त्यांची बाही धरली.

“आकडा बरोबर आहे गं,” ते म्हणाले.

तिने बाही जोरात ओढली. तिचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की मशीनची घरघर थांबली आहे. ते खाली वाकले. अंगठा बटणावरून घसरला. पुन्हा घसरला. मग एकदाचं मशीन घरघरलं.

बराच वेळ ती नुसती श्वास घेत राहिली. ते तिची पाठ चोळत राहिले.

“मी इथे...” ती शेवटी म्हणाली, “आणि तुम्ही तिच्याकडे बघत होतात.”

सरांनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि सरासरीची ओळ पुसून टाकली.

“आता ती पुन्हा किंचाळेल. तू दचकशील.”

“दचकेन. दचकून कुणी मरत नाही.”

तिने डोळे मिटले. मशीन घरघरत होतं. सर डब्यासमोर बसून राहिले. दुपारची वेळ, कुणाची ये-जा नाही. डबा गप्प. दिवा हिरवा. हिरवा तर मघाशीही होता.

ते उठले, पायांत चपला सरकवल्या, दार उघडं ठेवून बाहेर आले आणि लिफ्टचं बटण दाबलं.

खालून मोटर गुरगुरली. त्याच क्षणी घरात डबा किंचाळला. मागोमाग बायकोचा आवाज आला, “अहो! बंद करा तिला!”

लिफ्ट वर आली. आत शेजारीणबाई होत्या. त्यांनी दार धरून ठेवलं.

“कुठे निघालात, सर?”

“कुठेच नाही,” सर म्हणाले. “तुम्ही परत खाली कधी जाणार?”